ओढ्याकडचा कोपरा

श्रीदेवीनं डाळिंबाच्या फुलांचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला, तेव्हा त्यातून एवढं रामायण घडेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पानगळ करून, पाणी सोडून महिना उलटला होता आणि हस्त बहाराची कळी अशी फुटली होती की बांधावरून बघणाऱ्याला हिरव्या झाडांवर कुणी मूठमूठ शेंदूर उधळलाय असं वाटावं. तासाभरात माजिदाचा फोन आला. सोलापूरला शुक्रवार पेठेत माहेराच्या दोन घरं पलीकडं राहणारी माजिदा शाळेत तिच्या दोन वर्षं पुढं होती, आता चित्रकलेचे क्लास घ्यायची. पोरं वर्गात बसून प्लास्टिकची फुलं काढतात, एक रविवार तुझ्या बागेत घेऊन येऊ का, असं तिनं विचारलं, आणि श्रीदेवी घरात कुणालाही न विचारता हो म्हणून बसली.

मग रात्रभर तिला झोप नाही. वळसंगच्या शिवारात तिच्या सासऱ्यांची, चनमल्लप्पांची, बाग म्हणजे देऊळ होतं, आणि देवळाचे नियम कडक होते. आसपासच्या चार गावांत तेल्या रोगानं बागांच्या बागा गेल्या होत्या. पानावर तेलकट डाग, मग फांदी काळी, मग फळाला तडा. लोकांनी रडत रडत झाडं उपटून जाळली होती. चनमल्लप्पांच्या बागेला मात्र आजवर त्याचा वारा लागला नव्हता. कारण काय, तर फाटकातली सिमेंटची उथळ हौदी. तिच्यात जांभळं औषधी पाणी, आणि पाय बुडवल्याशिवाय बागेत माणूस सोडायचा नाही. मग तो जावई असो की तलाठी. एकदा खुद्द मठाच्या स्वामींना त्यांनी हात जोडून पाय बुडवायला लावले होते. पुढच्या आठवड्यात तीन तालुक्यांतले शेतकरी शिवारफेरीला यायचे होते, बाग बघायला आणि चनमल्लप्पांचे चार शब्द ऐकायला. त्यासाठी त्यांनी नवा पटका आणून ठेवला होता.

पण चित्रकारांचं ऐकून म्हातारा उलट खुलला.

"येऊ देत की. फोटू काय कुणीबी काढतंय," ते म्हणाले. "हातानं काढायचं म्हंजे झाड नीट बघावं लागतंय."

रविवारी सकाळी टेम्पोतून माजिदा आणि तिची आठ-नऊ मुलंमुली उतरली. चनमल्लप्पा फाटकात उभेच होते. एकेकाला चप्पल-बुटासकट हौदीतून चालवताना त्यांनी तेल्याचं पुराण सांगितलं, कुणी दुसऱ्या बागेतून तर आला नाही ना याची चौकशी केली, आणि एका पोरानं त्या जांभळ्या पाण्यात ब्रश बुडवून रंग बघितला तेव्हा त्याला रागावायचं सोडून स्वतःच हसले. शिवबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चहाचं आधण ठेवलं. श्रीदेवीचा नवरा प्रभुलिंग तेवढा सकाळपासून गप्प होता. पाण्याच्या मोटारीकडं जाता जाता तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, ओढ्याकडच्या कोपऱ्यात कुणाला सोडू नकोस, काल तिथं नाग दिसलाय.

एवढं ऐकल्यावर श्रीदेवीची नजर आधी पोरीला शोधायला लागली. तिला साडेचार वर्षांची काव्या होती आणि काव्याच्या पायांना चाकंच होती. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं पोरीला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हापासून श्रीदेवी रोज आंघोळीच्या वेळी तिचं अंग तळव्यांपासून कानांमागंपर्यंत तपासायची. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेलं. पाण्याचा पेला उजेडात धरून बघितल्याशिवाय पोरीला द्यायची नाही. घरात तिला 'जंतूबाई' म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. मागं दोनदा तिनं पोरीला ताप आहे म्हणून अर्ध्या रात्री गाडी काढायला लावली होती आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी आईलाच गोळ्या दिल्या होत्या. तेव्हापासून तिनं काही बघितलं म्हटलं की प्रभुलिंग आधी डोळे मिटायचा, मग विचारायचा, "आता काय?"

ओढ्याकडं जाऊ नका असं तिनं सगळ्यांना बजावलं, आणि मुलं बागेत पांगली. कुणी सावली धरून बसलं, कुणी पाटाच्या कडेला. झाडांखाली गळालेल्या फुलांचा सडा पडला होता. नर फुलं ती, फळ न धरता गळायचीच. शेतकऱ्याच्या हिशेबात तो केर होता, आणि ही मुलं त्याच केराभोवती कोंडाळं करून, इथं पाय नको, इथं पाय नको करत बसली होती. चनमल्लप्पांना त्याची फार गंमत वाटली. कळी फुगीर असते ती फळाची, निमुळती असते ती वायाची, हे त्यांनी प्रत्येकाच्या मागं उभं राहून सांगितलं, आणि एकीला तर तिच्या चित्रातल्या सगळ्या कळ्या वायाच्या निघाल्यात म्हणून काळजीत टाकलं.

काव्या सबा नावाच्या मुलीला चिकटली. सबा अकरावीतली, बारीक, अबोल. ती ब्रशाचं टोक ओठांत धरून टोकदार करायची आणि ते श्रीदेवीला बघवत नव्हतं. रंगात काय काय असतं, कोण जाणे. काव्यानं तसं करू नये म्हणून ती दर थोड्या वेळानं हाक मारत होती. पण मध्येच तिप्पण्णाकाका बांधावर येऊन उभे राहिले आणि चहाचं दुसरं आधण चढलं, त्यात तिचं लक्ष हललं.

तिप्पण्णाकाका हे शेजारचे. नात्यानं कुणी नाही, पण नात्याहून जास्त. श्रीदेवी दवाखान्यात पोरीच्या उशाशी बसून होती तेव्हा त्यांच्या बायकोनं, गंगव्वानं, या घरची चूल सांभाळली होती. काव्या त्यांना अज्जा-अज्जी म्हणायची आणि निम्मा दिवस बांध ओलांडून तिकडंच असायची. त्यांनी चनमल्लप्पांच्या सल्ल्यानं, त्यांनीच निवडलेली रोपं आणून तीन वर्षांपूर्वी डाळिंब लावलं होतं. यंदाचा त्यांचा पहिला बहार. काकांनी माजिदाला सांगितलं, की ह्यांची म्हातारी झाडं बघून झाली असतील तर जेवणानंतर आमच्याकडं या, आमची पोरवयाची झाडं आहेत, खालपासून वरपर्यंत फूल आहे. गंगव्वा शेंगदाण्याचे लाडू करतेय. माजिदा हरखली. चनमल्लप्पा म्हणाले, जावा की, बघा आमच्या चेल्याची बाग.

श्रीदेवी परत आली तर सबा आणि काव्या जागेवर नाहीत.

त्या सापडल्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात. तिथं ऊन तिरपं पडत होतं म्हणून सबा तिकडं सरकली होती. श्रीदेवीनं धावत जाऊन आधी पोरीला उचललं, बूट-मोजे काढून पाय तपासले, आजूबाजूचं गवत काठीनं बडवून घेतलं, आणि मग धाप टाकत सबाला बोलायला वळली ती तिच्या मांडीवरच्या कागदाकडं बघून थांबली.

चित्र सुरेख होतं. एकच फांदी, तिच्यावर तीन फुलं, एक कळी. पानं तर अशी की हात लावावासा वाटावा. आणि चार-पाच पानांवर सबानं बारीक करडे ठिपके काढले होते. प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट पिवळं कडं.

"हे ठिपके कशाला काढलेस गं?" श्रीदेवीनं विचारलं.

सबाला वाटलं चुकलंच काहीतरी. "होते तिथं, दीदी," ती म्हणाली. "मॅडम म्हणतात, दिसतंय ते काढा, ठाऊक असतंय ते काढू नका."

श्रीदेवीनं काव्याला कडेवर घेतलं आणि ती फांदी उजेडाकडं धरली. पाण्याचा पेला धरायची तशीच. उजेड पानातून आरपार आला आणि ठिपके तेलाच्या थेंबासारखे चमकले. फांदीच्या पेरापाशी काळा डाग होता. शेजारच्या झाडावर तेच, त्याच्या पलीकडं तेच. पानं हातात धरलेली तिनं सोडून दिली आणि मग हात कुठं ठेवावा हे तिला कळेना. काव्या म्हणत होती, मम्मी, मला पण दाखव.

मोटारीच्या खोलीत प्रभुलिंग फिल्टर साफ करत होता. तिनं पोरीला बाहेर पायरीवर बसवलं आणि आत जाऊन सांगितलं. तो या वेळी 'आता काय' म्हणाला नाही. डोळेही मिटले नाहीत. फिल्टरची जाळी पुसतच राहिला, आणि तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"चार-पाच दिवस झाले," तो म्हणाला. "औषध मारलंय. पहाटं उठून पानं तोडून जाळतोय. अप्पांना म्हाईत न्हाय."

"म्हणजे नाग नव्हताच तिथं."

"अगं, नाग म्हटल्याबिगर तू तिकडं जायची थांबणार व्हतीस का?"

एवढा वेळ पोरीच्या काळजीनं तिच्या काळजाचं पाणी झालं होतं, ते याच्या थापेनं. पण रागवायला सवड नव्हती. तिनं सांगितलं की ती मुलगी तास-दीड तास त्या झाडाला खेटून बसलीय, फांद्या हातानं वाकवून बघतेय, आता आणखी दोघंतिघं तिच्यापाशी जाऊन बसलेत, आणि जेवण झालं की हीच सगळी उठून तिप्पण्णाकाकांच्या बागेत जाणार. त्याच हातांनी, त्याच कपड्यांनी. आणि आठवड्यानं तीन तालुक्यांतले लोक येऊन इथून तो रोग आपापल्या बागेत घेऊन जाणार. प्रभुलिंग ऐकत होता. शिवारफेरी तो काहीतरी निमित्त काढून पुढं ढकलणार होता म्हणे. आजचं म्हणशील तर तेल्या वाऱ्या-पावसानंही जातो. काकांच्या बागेत यायचा असेल तर तो काय पोरांची वाट बघत बसलाय?

"त्यांना जाऊ नका म्हटलं तर का म्हणून विचारतील. काय सांगायचं? अप्पांनी जन्मभर गावाला शिकवलंय. त्यांच्याच बागेत निघाला म्हटलं तर म्हातारा हाय खातोय. जरा दम धर. बघितलंच न्हाईस असं समज."

पायरीवरून काव्यानं विचारलं, काय बघितलं? श्रीदेवीनं बाहेर येऊन तिला उचललं.

जेवणं झाडाखाली झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, डाळवांगं. मुलं अधाशासारखी जेवली. श्रीदेवी वाढत होती आणि प्रत्येकाच्या हाताकडं बघत होती. तिनं माजिदाला दोनदा सुचवून बघितलं की ऊन फार आहे, इथंच सावलीला बसा; संध्याकाळचा उजेड इथं छान असतो. माजिदा म्हणाली, अगं, ते काका किती प्रेमानं बोलावून गेलेत, पोरं हिरमुसतील. घरी जायला उशीर होईल, असंही तिनं म्हणून बघितलं. माजिदानं तिच्याकडं रोखून पाहिलं आणि हळूच विचारलं, की आमचं येणं घरात कुणाला खटकलंय का? श्रीदेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसं काही नाही, ती म्हणाली, आणि ते खरं होतं, आणि माजिदाला ते पटलं नाही हेही तिला दिसलं.

त्या क्षणी तिनं सासऱ्यांकडं जायला हवं होतं. ते दहा पावलांवर बाजेवर सुपारी कातरत बसले होते. पण ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि नवरा ताटाकडं.

तिप्पण्णाकाका बांधावर येऊन उभे राहिले. मुलं पाट्या-पिशव्या उचलून निघाली. बांधावरून जाणाऱ्या वाटेला फाटक नव्हतं आणि हौदीही नव्हती. ती घरची वाट होती. श्रीदेवीनं एकदम पाणी काढायची बादली घेतली, औषधाची पूड टाकली, काठीनं ढवळली आणि ती जांभळी बादली नेऊन वाटेच्या तोंडाशी ठेवली. सबा सगळ्यांत पुढं होती.

"हात बुडव," श्रीदेवी म्हणाली. "कोपरापर्यंत. मग पाय. सगळ्यांनीच. बूट इथंच काढून ठेवा."

मुलं हसत रांगेला लागली. सकाळीही हाच खेळ झाला होता. तिप्पण्णाकाका मात्र हसले नाहीत. त्यांनी बादलीकडं पाहिलं, सबाच्या हातांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडं पाहिलं, आणि मग बाजेकडं.

"चनमल्लप्पा," ते म्हणाले. "आत येताना पाय बुडवायचं तू मला शिकवलंस. बाहेर जाताना कशापायी, ते न्हाय शिकवलंस."

चनमल्लप्पांच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. त्यांनी सुनेकडं पाहिलं, जंतूबाईचं आणखी काहीतरी असणार अशा कौतुकानं. ते कौतुक बघून श्रीदेवीनं नजर बादलीकडं वळवली. शिवबाई चुलीपासून कानडीत पुटपुटल्या, "सुम्ने इरू." गप्प राहा. त्यांना काय कळलं होतं देव जाणे. सुनेच्या तोंडावरून त्यांना एवढंच समजलं असावं, की ही आता काहीतरी बोलणार.

"ओढ्याकडच्या तीन झाडांवर तेल्या आहे, काका," श्रीदेवी म्हणाली. "मुलं तिथं बसली होती. तुम्ही त्यांना नेऊ नका."

चनमल्लप्पा उठले. पटका बाजेवरच राहिला. बोडक्या डोक्यानं ते ओढ्याकडं चालत गेले, आणि इतक्या लांबूनही दिसलं की फांदी धरायच्या आधी त्यांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. प्रभुलिंग त्यांच्या मागं गेला नाही. तो श्रीदेवीकडं बघत होता, आणि त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिप्पण्णाकाकांनी किती झाडं, कधीपासून, एवढंच विचारलं. कधीपासूनचं उत्तर प्रभुलिंगनं दिलं. चार-पाच दिवस. काकांनी मान हलवली. त्या चार-पाच दिवसांत प्रभुलिंग दोनदा त्यांच्या बागेत ठिबकची नळी जोडून द्यायला गेला होता. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण ते तिघांनाही आठवलं. मग ते वळले आणि आपल्या बागेकडं चालू लागले. आधी सावकाश, मग भराभर, मग जवळजवळ पळतच.

माजिदानं मुलांना टेम्पोत बसवलं. शिवबाई मोठ्यानं म्हणाल्या, सोलापूरहून काय काय घेऊन आले कोण जाणे. माजिदाचा चेहरा उतरला. "आमच्यामुळं झालं का गं?" तिनं विचारलं. श्रीदेवी सासूकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, की डाग दिसायला आठवडा, दहा दिवस लागतात. ही मुलं आज आलीत. यांनी काही आणलं नाही, उलट यांच्यामुळंच दिसलं. सबा टेम्पोच्या कोपऱ्यात कागद छातीशी धरून बसली होती. रडत होती. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की तुझं चित्र चांगलं आहे, पण टेम्पो सुरू झाला.

संध्याकाळपर्यंत बापलेकांनी तिन्ही झाडं मुळापासून काढली आणि तिथंच पेटवली. ओली लाकडं धुरकटत राहिली. फुलांसकट. चनमल्लप्पांनी स्वतः फोन करून शिवारफेरी रद्द केली. का, तेही सांगितलं. मुलाशी ते एक अक्षर बोलले नाहीत. सुनेशी बोलले. हातपाय धुऊन ओट्यावर बसल्यावर.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण पोरी, मी दहा पावलांवर बसलो व्हतो. आधी मला सांगायचं व्हतंस. तिप्पण्णाला म्या सांगितलं असतं."

तिनं त्यांचं नाव वाचवायची एक संधी त्यांना दिली असती तर ती त्यांनी घेतली असती, आणि गावात उद्या वेगळं बोललं गेलं असतं: चनमल्लप्पानं स्वतःची झाडं स्वतः जाळली. आता बोललं जाणार होतं, सुनेनं उघडं पाडलं. प्रभुलिंगनं रात्री जेवताना चटणी मागितली, एवढाच त्याचा शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी छाटणीवाल्यांच्या मुकादमाचा निरोप आला, की बायका यायला नको म्हणतात, बाकीच्या बागांची कामं जातील. हे होणारच होतं. श्रीदेवी धुणं वाळत घालत होती आणि तिच्या डोक्यात हे घोळत होतं तोवर काव्या बांधाकडं सुटली.

बांधावर रातोरात बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या. काव्या त्यांच्यापाशी थांबून आत पाय कुठून घालावा ते बघत होती. पलीकडून गंगव्वा लगबगीनं आली.

"तितंच थांब, बाळ. येऊ नको."

"का?"

"काटे हायत."

"काटे काढ."

गंगव्वानं काटे काढले नाहीत. श्रीदेवी धावत येऊन पोरीच्या मागं उभी राहिली. तिनं गंगव्वाकडं पाहिलं. गंगव्वानं पाहिलं नाही. तिच्या जागी श्रीदेवी असती तर तिनंही हेच केलं असतं, कदाचित काल दुपारीच.

"मम्मी, मला काही झालंय का?" काव्यानं विचारलं. "पुन्हा दवाखान्यात जायचंय?"

"नाही. तुला काही नाही झालं. आपल्या झाडांना झालंय. ते अज्जीच्या झाडांना होऊ नये म्हणून."

काव्यानं यावर विचार केला. मग ती बांधाच्या अलीकडं मातीतच बसली आणि मोठ्यानं अज्जीला सांगायला लागली, की काल एका दीदीनं तिला ब्रश दिला होता, आणि मम्मीनं तिचे बूट काढले, आणि तिथं नाग नव्हताच. गंगव्वा क्षणभर घुटमळली. मग पदर सावरून तीही आपल्या बाजूला खाली बसली. काट्यांच्या पलीकडं, वीस हातांवर. तिथून ओरडून विचारत राहिली, मग, ब्रश कुठल्या रंगाचा होता? आणि दीदीचं नाव काय? आणि तू काय काढलंस?

तेवढ्यात त्यांच्या घराकडून तिप्पण्णाकाकांनी बायकोला हाक मारली. ती लगेच उठली नाही. काकांनी पुन्हा हाक मारली.

"आले, आले," गंगव्वा म्हणाली, आणि काव्याचं सांगून होईपर्यंत तिथंच बसून राहिली.